डोमेन नावांच्या बाजारातील कोणती बातमी मनावर घ्यावी?

प्रश्न असा आहे: डोमेन नावांच्या खरेदी-विक्रीत नव्याने उतरलेल्या आणि काही डझन नावे बाळगून असलेल्या माणसाने रोज कानांवर पडणाऱ्या बातम्यांपैकी कोणत्या मनावर घ्याव्यात, आणि अमुक नाव इतक्या लाख डॉलरना गेले हे ऐकून स्वतःजवळच्या नावांची किंमत त्यावरून ठरवता येते का? शिवाय डॉट आयओ हे एक्स्टेंशन (नावाच्या शेवटचा, डॉटनंतरचा भाग) बंद होणार अशी चर्चा असल्यामुळे त्यातील नावे काढून टाकावीत का, असेही विचारले आहे.

विक्रीच्या आकड्यांच्या बातम्यांना सर्वांत कमी, आणि रजिस्ट्रीचे (म्हणजे एखादे एक्स्टेंशन चालवणाऱ्या संस्थेचे) करार, शुल्के व नियम यांच्या बातम्यांना सर्वांत जास्त वजन द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक नवखे नेमके याच्या उलट करतात, कारण पहिल्या प्रकारची बातमी एका ओळीत मावते आणि दुसऱ्या प्रकारची समजून घ्यायला कराराची कलमे वाचावी लागतात. परंतु विक्रीची बातमी दुसऱ्याच्या नावाबद्दल असते, तर कराराची बातमी तुमच्या प्रत्येक नावाच्या वार्षिक खर्चाबद्दल असते. हा फरक ज्याला लवकर उमगतो, तो या व्यवसायात टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

विक्रीचा आकडा बाहेर कसा येतो, ते आधी पाहू. मोठ्या सौद्यांत बहुधा गोपनीयतेची अट असते, त्यामुळे जाहीर होणारे आकडे एकूण व्यवहारांतले निवडक असतात, आणि ती निवड बातमी देणाऱ्याच्या सोयीने झालेली असते. विकणाऱ्याला जवळची उरलेली नावे चांगल्या भावाने विकायची असतात, दलालाला पुढचा ग्राहक हवा असतो, लिलाव करणाऱ्या कंपनीला बोली लावणाऱ्यांची गर्दी हवी असते. त्यांचे आकडे खोटे असतात असे मी म्हणत नाही. पण न विकल्या गेलेल्या, किंवा मुदत संपल्यावर निमूटपणे सोडून दिलेल्या नावाची बातमी कोणी देत नाही, आणि अशा नावांची संख्या विकल्या गेलेल्या नावांच्या कितीतरी पट असते.

एक सौदा जवळून पाहण्यासारखा आहे. जून २०१९ मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीने व्हॉइस डॉट कॉम हे नाव ब्लॉक डॉट वन या कंपनीला ३ कोटी डॉलरना विकल्याचे जाहीर झाले. केवळ नावासाठी रोख मोजलेली ही रक्कम त्या वेळी जाहीर झालेल्या विक्रींत फार वरच्या पायरीवर होती, आणि ती जगाला कळली, कारण विकणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती व एवढी रक्कम तिला भागधारकांसमोर मांडावी लागली. आता या किमतीमागची परिस्थिती पाहा. घेणाऱ्याने आपल्या नव्या सोशल मीडियाच्या व्यासपीठाचे नाव ‘व्हॉइस’ असे आधीच ठरवले होते आणि त्याच्याकडे भांडवलाची ददात नव्हती. विकणाऱ्याकडे ते नाव नव्वदच्या दशकापासून होते आणि विकण्याची त्याला कोणतीही निकड नव्हती. एका बाजूला ‘हेच नाव हवे’ असा निर्धार आणि दुसऱ्या बाजूला वाट पाहण्याची ताकद असली की किंमत अशी वर जाते. ज्याने या बातमीवरून व्हॉइस हा शब्द जोडलेली पाच-दहा नावे नोंदवली, त्याच्या वाट्याला या दोहोंपैकी एकही गोष्ट येत नाही. त्याला मिळते ते फक्त नूतनीकरणाचे बिल.

दुसरी अडचण अशी की आकडा नेमका कशाचा आहे हे बातमीतून पुष्कळदा गळून पडते. बिझनेस डॉट कॉम १९९७ मध्ये दीड लाख डॉलरना आणि १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरना विकले गेले, हे दोन्ही नावाचे सौदे होते. त्यानंतर २००७ मध्ये ३४ कोटी ५० लाख डॉलर हा जो आकडा आला, तो त्या नावावर उभ्या राहिलेल्या संपूर्ण कंपनीचा होता. इन्शुरन्स डॉट कॉमचा २०१० मधला ३ कोटी ५६ लाख डॉलरचा सौदाही चालत्या संकेतस्थळासह व व्यवसायासह झाला होता, तरीही ‘सर्वांत महाग डोमेन नावे’ म्हणून फिरणाऱ्या याद्यांत हे आकडे शुद्ध नावाच्या विक्रीशेजारी बसवलेले दिसतात. मोबदल्याचे स्वरूपही तपासावे लागते. चॅट डॉट कॉम हे नाव हबस्पॉटचे सहसंस्थापक धर्मेश शाह यांनी २०२३ मध्ये १ कोटी ५५ लाख डॉलरना घेतले, आणि ते ओपनएआयकडे गेल्याचे नोव्हेंबर २०२४ मध्ये उघड झाले. मोबदला त्या कंपनीच्या शेअरच्या रूपाने मिळाला असावा असे सूचन शाह यांनीच केले होते. शेअरमध्ये मिळालेल्या मोबदल्याची तुलना रोख रकमेशी करता येत नाही. हप्त्यांवर झालेल्या विक्रीचेही तसेच आहे. बातमीत पूर्ण किंमत छापून येते, पण तीन वर्षांच्या हप्त्यांपैकी सहावा हप्ता थकला तर नाव विकणाऱ्याकडे परत येते, आणि त्याची बातमी होत नाही.

लिलावांच्या आकड्यांबाबत आणखी सावध राहावे. मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात बोली लावणारे बहुतांशी आपल्यासारखेच व्यापारी असतात, म्हणून तिथला भाव घाऊक असतो. तेच नाव ज्याला वापरायचे आहे अशा ग्राहकाला दिले तर किरकोळ भाव मिळतो, आणि या दोन भावांत दहापट अंतर असणे मुळीच नवलाचे नाही. दोन प्रकारचे आकडे एकाच यादीत वाचून सरासरी काढणे निरर्थक आहे. त्यातच लिलाव जिंकणाऱ्याने पैसे न भरण्याचे प्रकार घडतात. बोलीच बनावट असू शकते, हेही या व्यवसायाने पाहिले आहे: नोव्हेंबर २००९ मध्ये स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीने स्वतःच जाहीर केले की तिचा एक अधिकारी २००५ पासून टोपणनावाने कंपनीच्याच लिलावांत बोली लावत होता, आणि त्यामुळे ज्यांना जास्त रक्कम मोजावी लागली त्यांना कंपनीने परतावा देऊ केला. तेव्हापासून एकाच लिलावातला एकुलता एक उंच आकडा मी पुरावा म्हणून धरत नाही. विक्रीच्या नोंदींचे जाहीर संग्रह उपलब्ध आहेत, नेमबायो हा त्यांतला परिचित. त्यांत एका शब्दप्रकाराच्या अनेक वर्षांच्या विक्री शोधाव्यात, विक्री कोणत्या ठिकाणी झाली हे पाहून घाऊक व किरकोळ वेगळे करावेत, आणि मगच अंदाज बांधावा.

स्वतःच्या नावांचा हिशेब मात्र वेगळ्या टोकाने सुरू करावा लागतो. समजा एखाद्याकडे ५०० डॉट कॉम नावे आहेत आणि प्रत्येकाच्या नूतनीकरणाला ११ डॉलर पडतात. म्हणजे वर्षाला ५,५०० डॉलर खर्च ठरलेला. सर्वसाधारण संग्रहातली शंभरापैकी एक किंवा दोन नावे वर्षभरात विकली जातात, असा आमच्या व्यवसायातला ढोबळ अंदाज आहे. शंभरात एक धरले तर पाच नावे गेली. सरासरी २,००० डॉलर मिळाले तर १०,००० डॉलर येतात, त्यांतून बाजारपेठेचे वीस टक्के कमिशन वजा केल्यावर ८,००० राहतात, आणि नूतनीकरण वजा जाता हातात २,५०० उरतात. त्यांतून अजून मूळ खरेदीचा खर्च भागवायचा आहे. हीच सरासरी १,३०० वर आली की धंदा तोट्यात जातो. या गणितात कोट्यवधींच्या विक्रीच्या बातमीला कुठेही जागा नाही. विक्रीचे प्रमाण, सरासरी किंमत, कमिशन आणि नूतनीकरणाचा दर या चार आकड्यांवर सारे अवलंबून आहे, आणि त्यांपैकी शेवटचे दोन आकडे दुसरेच कोणी ठरवत असतात.

विक्रीच्या बातम्यांनी बाजारच कसा फुगवला, याचे ठळक उदाहरण २०१५ च्या उत्तरार्धातले आहे. चीनमधल्या गुंतवणूकदारांनी छोटी नावे, विशेषतः ज्यांत ए, ई, आय, ओ, यू आणि व्ही ही अक्षरे नाहीत अशी चार अक्षरी डॉट कॉम नावे, प्रचंड प्रमाणात उचलली. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, शब्दांच्या आरंभी ही अक्षरे फारशी येत नाहीत किंवा सोयीची पडत नाहीत, एवढेच त्या निवडीमागचे तर्कशास्त्र होते. भाव काही महिन्यांत अनेक पटींनी चढले, रोज नव्या उच्चांकाची बातमी येई आणि ती बातमी वाचून आणखी लोक उतरत. घेणारे जवळजवळ सगळे पुन्हा विकण्यासाठीच घेत होते. नाव वापरणारा ग्राहक साखळीच्या टोकाला नव्हता. २०१६ मध्ये खरेदी आटली आणि भाव उतरले. म्हणून भाववाढीची बातमी वाचताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की या नावांपैकी किती नावांवर पुढे प्रत्यक्ष व्यवसाय उभे राहिले.

आता करारांकडे वळू. डॉट कॉम चालवणाऱ्या व्हेरिसाइन या कंपनीने रजिस्ट्रारकडून (ग्राहकांना नावे नोंदवून देणाऱ्या कंपन्यांकडून) किती घाऊक शुल्क घ्यायचे, हे डोमेन नावांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या आयकॅन या संस्थेबरोबरच्या आणि अमेरिकेच्या वाणिज्य खात्याबरोबरच्या करारांनी बांधलेले आहे. २०१२ पासून हे शुल्क ७.८५ डॉलरवर गोठवलेले होते. २०१८ च्या दुरुस्तीने दर सहा वर्षांच्या चक्रातील शेवटच्या चार वर्षांत दरवर्षी सात टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा मिळाली. ती मुभा कंपनीने पूर्ण वापरली: २०२१ मध्ये ८.३९, २०२२ मध्ये ८.९७, २०२३ मध्ये ९.५९ आणि १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर. वर दिलेल्या ५०० नावांच्या मालकाचा वार्षिक खर्च चार पावलांत १,२०० डॉलरने वाढला, आणि त्याच्या एकाही नावाची गुणवत्ता तसूभरही बदलली नव्हती. २०१८ मध्ये ती दुरुस्ती ज्याने वाचली, त्याला हे सारे आकडे तीन वर्षे आधी कागदावर मांडता आले असते. चक्राची पहिली दोन वर्षे वाढ नाही आणि पुढची चार वर्षे आहे, हे करारात लिहिलेले असल्यामुळे पुढची मुभा कधी उघडते तेही तारखेवरून मोजता येते.

डॉट कॉमच्या बाहेर पडल्यावर हे संरक्षण आणखी पातळ होते. २०१२ च्या अर्जफेरीतून आलेल्या नव्या एक्स्टेंशनांच्या करारांत किंमतवाढीवर मर्यादा नाही. २०१७ मध्ये युनिरजिस्ट्रीने आपल्या काही एक्स्टेंशनांचे दर एकदम वाढवले, काहींच्या बाबतीत वाढ तीस पटींच्या घरात होती, आणि त्यानंतर गोडॅडी या मोठ्या रजिस्ट्रारने ती एक्स्टेंशन विकणेच थांबवले. ज्यांनी ‘स्वस्त मिळते’ म्हणून शेकडो नावे भरली होती, त्यांची निवड दोनच पर्यायांत उरली: जबर दराने नूतनीकरण, किंवा नावे सोडणे. मात्र याच मूळ करारात एक कलम नोंदवणाऱ्याच्या हिताचे आहे. नूतनीकरणाचा दर वाढवण्यापूर्वी रजिस्ट्रीने १८० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि त्या काळात जुन्या दराने दहा वर्षांपर्यंतचे नूतनीकरण करू द्यावे लागते. खरोखर ठेवण्याजोगे नाव असेल तर ही मुदत सोन्याची आहे. पण ती सूचना मथळ्यांतून गाजत नाही, रजिस्ट्रारच्या ईमेलमध्ये चौथ्या-पाचव्या ओळीत येते. काही नावांना ‘प्रीमियम’ दर असतो आणि तो फक्त पहिल्या वर्षी नव्हे तर दरवर्षी लागतो, हेही नोंदवण्याआधीच पाहावे. २०२६ च्या नव्या अर्जफेरीतून, जिच्यासाठी प्रत्येक अर्जाचे शुल्क २,२७,००० डॉलर ठेवले आहे, आणखी एक्स्टेंशन येतील तेव्हा हीच तपासणी करावी लागेल.

एखादी बातमी गाजली आणि तिचा परिणाम खरोखर झाला, असेही घडते. २०१९ मध्ये डॉट ओआरजीच्या करारातील किंमतमर्यादा काढली गेली आणि त्याच वर्षी ती रजिस्ट्री एथॉस कॅपिटल या गुंतवणूक संस्थेला ११३ कोटी ५० लाख डॉलरना विकण्याचा प्रस्ताव आला. सेवाभावी संस्थांनी मोठा विरोध केला, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आक्षेपाचे पत्र पाठवले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने मालकी बदलास संमती नाकारली. त्यामुळे नियमांच्या बातम्या केवळ वाचण्यासाठी नसतात. सूचना व हरकती मागवल्या जातात तेव्हा छोट्या व्यापाऱ्यानेही आपले म्हणणे लेखी मांडावे, असे मी मनापासून सांगेन.

डॉट आयओबद्दल. हे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचे देशनिदर्शक एक्स्टेंशन आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनने चागोस बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचे मान्य केल्याचे जाहीर झाले आणि मे २०२५ मध्ये तसा करार स्वाक्षरित झाला. त्यानंतर ‘आयओ बंद’ असे मथळे आले. प्रत्यक्षात साखळी लांब आहे. देशांच्या दोन अक्षरी संकेतांची अधिकृत यादी आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात ठेवली जाते. त्या यादीतून ‘आयओ’ हा संकेत वगळला गेला तरच निवृत्तीची प्रक्रिया सुरू होऊ शकते, आणि ती सुरू झाल्यावरही पाच वर्षांची मुदत असते, जी आणखी वाढवता येते. पूर्वीची उदाहरणे दोन्ही प्रकारची आहेत. युगोस्लाव्हियाचे डॉट वाययू २०१० मध्ये खरोखर बंद झाले. सोव्हिएत संघाचे डॉट एसयू मात्र तो देश १९९१ मध्ये नाहीसा झाल्यानंतरही चालूच राहिले. म्हणून घाबरून मिळेल त्या भावाने नावे फुंकून टाकण्याचे कारण मला दिसत नाही. दहा वर्षांचे आगाऊ नूतनीकरणही मी करणार नाही. चांगली नावे वर्षावर्षाने चालू ठेवावीत, प्रत्यक्ष वापरकर्त्याकडून वाजवी बोली आली तर पूर्वीपेक्षा थोडे कमी घेऊनही द्यावीत, आणि ज्या नावाला आजवर एकही विचारणा आलेली नाही ते पुढच्या मुदतीला सोडावे. नव्या खरेदीसाठी मात्र या एक्स्टेंशनमध्ये पैसे अडकवू नयेत, कारण घेणाऱ्या कंपनीचा वकील आता हा प्रश्न विचारणारच.

याच्या शेजारी डॉट एआय ठेवून पाहावे. हे अँग्विला या छोट्या बेटप्रदेशाचे एक्स्टेंशन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेमुळे २०२३ मध्ये या नोंदण्यांतून अँग्विलाच्या सरकारला मिळालेला महसूल त्याच्या एकूण महसुलाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक होता. मागणी खरी आहे, वापरणारे ग्राहक खरे आहेत. पण नोंदणी किमान दोन वर्षांची करावी लागते आणि दर डॉट कॉमच्या अनेक पट आहे, त्यामुळे वर सांगितलेल्या गणितात खर्चाची बाजू फार जड होते. शंभर मध्यम नावांपेक्षा पाच उत्तम नावे, हा नियम इथे सर्वांत काटेकोरपणे पाळावा लागतो.

तिसरा महत्त्वाचा प्रकार म्हणजे तंट्यांचे निर्णय. आयकॅनने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या यूडीआरपी या धोरणानुसार ट्रेडमार्कचा मालक तक्रार करू शकतो, आणि त्याला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कशी तंतोतंत किंवा गोंधळ होईल इतके जुळते, नाव बाळगणाऱ्याला त्यात हक्क किंवा रास्त हितसंबंध नाही, आणि नाव दुष्ट हेतूने नोंदवले व वापरले आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे अशा तक्रारी वर्षाला हजारोंच्या संख्येने येतात आणि निर्णय जाहीर असतात. ते वाचल्याने दोन गोष्टी कळतात, ज्या विक्रीच्या कोणत्याही बातमीतून कळणार नाहीत. पहिली अशी की हेतू तपासताना नाव मुळात कधी नोंदवले गेले यापेक्षा आजच्या मालकाने ते कधी घेतले हे पाहिले जाते. वीस वर्षे जुने नाव तुम्ही मागच्या महिन्यात लिलावात घेतले असेल, तर दरम्यानच्या काळात त्या शब्दाचा ट्रेडमार्क झाला आहे का हे तुम्हाला तुमच्या खरेदीच्या तारखेपर्यंत पाहावे लागते; नावाचे वय ढालीसारखे वापरता येत नाही. दुसरी अशी की ट्रेडमार्कच्या मालकाला आपण होऊन ‘नाव विकत घ्या’ असे लिहिलेले पत्र पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकते. सर्वसामान्य शब्दाच्या नावासाठी त्या शब्दाच्या अर्थाशी निगडित ग्राहकांनी विचारणा करणे आणि आपण किंमत सांगणे, हे रास्त आहे. एका विशिष्ट कंपनीचे नाव नोंदवून तिच्याच दारात जाणे रास्त नाही, आणि तो धंदा कोणी करू नये.

देशांच्या नावांबाबत तर यूडीआरपीच्याही बाहेरचा धोका असतो. फ्रान्स डॉट कॉम हे नाव १९९४ पासून एका व्यावसायिकाकडे होते. पॅरिसच्या न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१८ मध्ये ते फ्रान्स सरकारकडे गेले, आणि अमेरिकेतील त्याचा दावा परदेशी सरकारला असलेल्या कायदेशीर संरक्षणामुळे २०२१ मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही.

कंपन्यांच्या एकत्रीकरणाच्या बातम्या मी वाचतो, पण त्यांत फार वेळ घालवत नाही. गोडॅडीने आफ्टरनिक आणि नंतर डॅन डॉट कॉम या नावांच्या बाजारपेठा घेतल्या, गूगलने २०२३ मध्ये आपली डोमेन सेवा स्क्वेअरस्पेसला विकली. अशा वेळी कमिशनचा दर, पैसे मिळण्याचा कालावधी आणि नाव हलवण्याची पद्धत बदलली का, एवढे पाहून पुढे जावे. पार्किंगच्या, म्हणजे न वापरलेल्या नावाच्या पानावर लावलेल्या, जाहिरातींचे उत्पन्न मात्र हिशेबातून काढूनच टाकावे. २०२५ मध्ये गूगलने जाहिरातदारांची खाती पार्क केलेल्या नावांपासून मुळातच वेगळी ठेवायला सुरुवात केल्यानंतर ते उत्पन्न नूतनीकरण भागवेल या आशेवर नाव ठेवण्यात अर्थ राहिलेला नाही.

राहिला प्रश्न फसवणुकीचा, कारण नवख्यांना येणाऱ्या ‘आनंदाच्या बातम्यांपैकी’ बऱ्याच या वर्गात मोडतात. एक ईमेल येते: तुमच्या अमुक नावासाठी आमचा ग्राहक १८,००० डॉलर द्यायला तयार आहे. तुम्ही होकार कळवता. दुसऱ्या ईमेलमध्ये सौजन्याने विचारले जाते, की नावाचे मूल्यांकन प्रमाणपत्र आहे का. नसेल तर ग्राहकाला विश्वास वाटेल अशी एक संस्था आहे, शुल्क फक्त शे-दीडशे डॉलर. प्रमाणपत्राचे पैसे भरले की ग्राहक गायब होतो, कारण ग्राहक आणि मूल्यांकन संस्था एकच असतात. दुसरा प्रकार: तुमचे नाव अमुक देशाच्या एक्स्टेंशनमध्ये कोणी दुसरा नोंदवत आहे, तातडीने आमच्यामार्फत हक्क राखून ठेवा. दोन्ही ठिकाणी उत्तर न देणे हेच योग्य. खरा ग्राहक मूल्यांकनाचे प्रमाणपत्र कधीच मागत नाही.

खरेदी करताना धोका याहून मोठा असतो, कारण नाव चोरीचे असू शकते. सेक्स डॉट कॉम हे नाव १९९५ मध्ये बनावट पत्राच्या आधारे दुसऱ्याच्या नावावर करण्यात आले होते, आणि डोमेन नाव ही बळकावता येणारी मालमत्ता आहे हे अमेरिकेच्या अपील न्यायालयाने त्याच प्रकरणात २००३ मध्ये मान्य केले. पीटूपी डॉट कॉम २००६ मध्ये चोरले गेले, १,११,००० डॉलरना एका व्यावसायिक बास्केटबॉलपटूला विकले गेले, आणि चोराला २०११ मध्ये पाच वर्षांची कैद झाली. पण दरम्यान निष्पाप खरेदीदाराचे पैसे अडकलेच. बाजारभावापेक्षा फार स्वस्त आणि घाईने विकले जाणारे उत्तम नाव दिसले, की सध्याची नोंद आरडीएपीवर (नोंदणीची माहिती देणाऱ्या जाहीर सेवेवर) पाहावी आणि जुन्या नोंदींशी ताडून घ्यावी: रजिस्ट्रार नुकताच बदलला आहे का, नेमसर्व्हर (नाव कुठे वळते ते सांगणारे संगणक) बदलले आहेत का, वर्षानुवर्षे एकाच कंपनीकडे असलेले नाव अचानक खासगी नोंदीत गेले आहे का. २०१८ पासून मालकाचे तपशील बहुधा झाकलेले असल्यामुळे ही जुनी नोंद पूर्वीपेक्षा जास्त मोलाची झाली आहे. शंका आली तर आधीच्या मालकाला, विकणाऱ्याने दिलेल्या नव्हे तर त्याच्या कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर, फोन करून विचारावे. विकणाऱ्याला नावाच्या नोंदीत तुम्ही सांगाल तो एक छोटा डीएनएस बदल (नाव कुठे वळते त्या नोंदीतला बदल) करून दाखवायला सांगावे. यातून ताबा सिद्ध होतो, मालकी नाही, हे भान ठेवावे. पैसे परवानाधारक एस्क्रोमार्फतच (सौदा पुरा होईपर्यंत रक्कम सांभाळणाऱ्या मध्यस्थामार्फत) द्यावेत, आणि नाव तुमच्या स्वतःच्या रजिस्ट्रारमधील तुमच्या खात्यात येऊन, संपर्काचा ईमेल पडताळला जाऊन, दोन टप्प्यांची सुरक्षा चालू होईपर्यंत एस्क्रोला रक्कम सोडण्याची संमती देऊ नये.